सारवणावरची चाकं

दुधाच्या पातेल्यावरची ताटली खुळखुळली आणि आदल्या दिवसापासून घरात ठाण मांडून बसलेली शांतता मोडली. रोहिणीनं फडक्यानं ताटली उचलली, गॅस बारीक केला. दारात बसून बूट चढवणाऱ्या भागवतनं वर पाहिलं आणि आता पाहिलंच आहे तर बोलायला हवं, अशा आवाजात म्हणाला, “आवर. गहिनीभाऊ वाट बघत आसल.”

“आष्टीवरूनच जायचंय. तितनं गाडीच्या मेस्तरीला घ्यायचं का बरोबर?”

झालं. ह्याच एका शब्दावरून आदल्या दिवशी दोघांचं बिनसलं होतं.

“मेव्हन्याच्या दारात मेस्तरी नेऊ?” भागवत म्हणाला. “जेवायला बोलवलं, आन् ह्यो भाकरीचा वास घेऊन बघतोय, आसं म्हनतील लोक.”

सोयऱ्याच्या वस्तूला बोट लावून बघायचं नाही, ही भागवतच्या घराण्याची रीत. शेळी असू दे, बैल असू दे. सोयऱ्यानं चांगली म्हटली की चांगली. ह्या रीतीपायी त्याच्या वडलांनी एक बसका बैल दहा वर्षं पोसला होता, आणि तरी मरेपर्यंत ते त्याला गुणाचाच म्हणत राहिले. रोहिणी हे सगळं जाणून होती. आणि ह्या खेपेचा सोयरा म्हणजे तिचाच सख्खा भाऊ गहिनीनाथ होता, त्यामुळं तोंड तरी किती उघडायचं.

पण तिच्या मनात शंकेचं कुसळ घुसलं होतं ते निघत नव्हतं. गहिनीनाथची व्हॅन चांगली होती तर तो ती विकत कावून होता? चार वर्षं त्यानं गावाहून जवळच्या कडा गावाला त्याच व्हॅननं माणसं नेली. आता म्हणे जेसीबीवर कामाला लागलाय, वेळ नाही. असेल. पण फोनवर त्यानं चारदा विचारलं होतं, कधी येताय, कधी येताय. चांगल्या वस्तूला एवढी घाई नसते.

इकडं त्यांच्या माळवस्तीवर सगळं ठरून बसलं होतं. वस्तीपासून आष्टीची शाळा लांब. पोरं मोठ्या रस्त्याच्या कडेकडेनं चालत जायची आणि मागून डंपर भोंगा वाजवत यायचे. भागवतनं व्हॅन घ्यायची आणि वस्तीची पोरं शाळेत न्यायची-आणायची, असा बेत झाला. पोरं गाडीत घालायला आया कचरत होत्या. शेवटी शेजारची साखराबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, “रोहिनीची आरू ज्यात बसंल, त्यात आमचा सत्यमबी बसंल. तिचं ती बघून घिईल.” मग बाकीच्यांनीही माना हलवल्या. म्हणजे गाडी भागवत घेणार होता, पण भरवसा रोहिणीच्या नावावर होता.

ती आरोहीची वेणी घालू लागली. पाच वर्षांची आरू मनानं रात्रीपासून व्हॅनमध्येच बसलेली होती.

“आई, मी खिडकीजवळ. सत्यम मागं.”

“सत्यम मागं कावून गं?”

“त्याला उलटी हुती.”

भागवत हसला. त्या हसण्यावर घर तेवढ्यापुरतं सरळ झालं.

*

गहिनीनाथ अंगणाच्या तोंडाशीच उभा होता. नवा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. “या दाजी, या,” म्हणत त्यानं मोटारसायकलचा हँडलच धरला. आरूला उचलून खांद्यावर घेतलं. रोहिणीकडं मात्र त्यानं ओझरतं पाहिलं. “वाळलीस गं.” आणि दुसरीकडं बघू लागला.

व्हॅन लिंबाखाली उभी होती. धुतलेली, पुसलेली, टायरला काळा रंग मारलेला. थंडीचे दिवस. घराच्या मागून सूर्य अजून वर यायचा होता, सगळं अंगण सावलीत.

“कालपास्नं हात लावल्याला न्हाई हिला,” गहिनीनाथ म्हणाला. “मुद्दाम. म्हनलं दाजीच्या म्होरं थंडगार उठवू, मंजी मनात काय राहायला नको.” त्यानं आत बसून चावी फिरवली. पहिल्या चावीला व्हॅन सुरू झाली. मागं धूर नाही, आवाजात खाकरणं नाही. भागवतनं रोहिणीकडं असं पाहिलं, जणू व्हॅन त्यानंच बनवली होती.

“बघितलंस? न्यायचा हुता मेस्तरी.”

“मेस्तरी?” गहिनीनाथनं विचारलं.

“गंमत हो,” भागवत म्हणाला.

आरू मामाच्या खांद्यावरून उतरून पुढच्या सीटवर चढली. ह्या जातीच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, नाकात नसतं. तिनं गादीवर दोन्ही हात टेकले, मग गाल टेकवला, जसा ती आजीच्या गोधडीवर टेकवायची.

“आई, गादी ऊन ऊन हाय.”

“उन्हात उभीय बाळा,” गहिनीनाथ पटकन म्हणाला.

रोहिणीनं वर पाहिलं. अंगणात अजून उन्हाची तिरीपही नव्हती आणि तिच्या स्वतःच्या हातावर थंडीनं काटा आला होता. आत्ता सुरू केलेलं इंजिन एवढ्यात सीट तापवतं का, हे तिला माहीत नव्हतं. तिला चूल माहीत होती. चूल पेटवल्याबरोबर भिंत तापत नाही.

ती व्हॅनच्या मागं गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि तिथं तिला ते दिसलं.

अख्खं अंगण कोरडं होतं. आठ-दहा दिवसांपूर्वीचं सारवण पायांनी उडून पोपडे धरलेलं. पण व्हॅनच्या खालची जागा तेवढी हिरवी, ओली, नुकती सारवलेली. शेणाचा ताजा वास. सारवणाच्या कमानी उलट्या होत्या, उजवीकडून डावीकडं न जाता डावीकडून उजवीकडं. तिची वहिनी रूपाली डावखुरी होती. आणि त्या कमानींवरून, ओल्या शेणात नक्षी उमटवत, टायरच्या दोन सरळ रेघा गेलेल्या होत्या.

आधी सारवण, मग चाकं.

रोहिणी त्या रेघांकडं बघत राहिली. कालपासून हात न लावलेली गाडी सकाळी सारवलेल्या जमिनीवर चालत कशी आली? आणि एवढ्या मोठ्या अंगणात सारवावीशी वाटली ती तेवढीच जागा कावून?

भागवत आणि गहिनीनाथ चक्कर मारायला निघाले. व्हॅन सडकेला लागली. रोहिणीनं बसून ओल्या शेणात बोट खुपसलं. वरचा थर हिरवा, त्याच्या खाली काळा चिकट चिखल. बोट नाकाशी नेलं. तेल.

*

स्वयंपाकघरात रूपाली भाकरी थापत होती. रोहिणी तिच्या शेजारी पाटावर बसली.

“वैनी, आज कावून सारवलं?”

“तुमी येनार म्हनून.”

“मी काय गाडीखाली बसनार हुते का?”

भाकरीवरचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. “शेन तेवढंच हुतं ताई.”

“दारात दोन म्हशी हायेत.”

“मंग म्हशींनाच इचारा.”

दोघीही हसल्या, पण ते हसू तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखं लगेच उडून गेलं. रूपालीनं भाकरी उलटली. ती तोंडानं काही सांगणार नाही, हे रोहिणीला कळत होतं. नवऱ्याच्या पाठीमागं नवऱ्याचं सांगायचं, तेही नणंदेला, म्हणजे आपल्याच चुलीत पाणी ओतायचं. पण सारवणावरच्या टायरच्या रेघा एक हात फिरवून पुसता आल्या असत्या. रूपाली अशी अर्धवट काम सोडणारी बाई नव्हती. विसरली होती, की मुद्दाम राहू दिल्या होत्या?

“मी परक्या घरची,” रूपाली तव्याकडं बघत म्हणाली. “तुमचा भाऊ, तुमी बघा.”

रोहिणी बघतच होती. तिला दिसत होता तो पंधरा वर्षांचा गहिनीदादा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की शाळेत जाताना तो तिला पाठंगुळी घ्यायचा. दप्तर डोक्यावर, बहीण पाठीवर. मधे गेल्यावर पाणी कमरेला लागायचं आणि ती घाबरून त्याचे केस ओढायची. तो म्हणायचा, “रोहे, केस सोड, मी हाय.” त्याच माणसावर आज बोटाला लागलेलं तेल हुंगून संशय घ्यायचा?

ती मनाला समजावू लागली. गाडी पुसायला बाहेर काढली असेल. तेल जुनंच सांडलेलं असेल. प्रत्येक समजूत दोन पावलं चालायची आणि त्या ओल्या रेघांपाशी येऊन बसायची.

दोघं परत आले. भागवतचं तोंड खुललेलं. जेवणं झाल्याबरोबर गहिनीनाथनं आतून नारळ आणला. “दाजी, लांबवायचं कशाला? नारळ फोडू, चावी घ्या, आत्ताच घिऊन जा. तुमची मोटारसायकल मी उद्या आनून देतो.”

भागवत उठला. आता काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे बोलायचं ते बोलता येत नव्हतं. तेवढ्यात रोहिणीला वार आठवला.

“आज शनवार हाय,” ती म्हणाली.

“मंग?”

“शनवारी लोखंड घरी नेत न्हाईत.”

कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या चतुराबाईनं, म्हणजे रोहिणीच्या आईनं, मान डोलावली. “खरं हाय. शनवारी तेल आन् लोखंड दारातनं आत घिऊ न्हाई. गहिन्या, तुला वारबी कळंना व्हय?”

गहिनीनाथचा नारळ हातातच राहिला. घाईत तो वार बघायला विसरला होता. भागवत बायकोकडं डोळे बारीक करून बघू लागला. “तुला कवापास्नं शनवार आठवाया लागला? खुरपं शनवारीच आनलतंस की.”

“म्हनून तर चार दिवसांत मोडलं,” रोहिणी म्हणाली. “तुमी जावा, शेळ्या वाट बघत असतील. मी अन् आरू राहतो आज. उद्या सकाळी या, मंग नेऊ.”

“राहू दे की तिला,” चतुराबाई म्हणाली. “लेकीला माहेरी राहायला कारन लागतंय का?”

भागवत एकटाच मोटारसायकलवर गेला. गहिनीनाथनं नारळ कोनाड्यात ठेवला. ठेवताना त्याचं लक्ष नारळाकडं नव्हतं. तो बहिणीकडं बघत होता, आणि सकाळपासून पहिल्यांदाच नीट बघत होता.

संध्याकाळी आरूनं मामाला व्हॅनमध्ये बसवून सगळ्यांच्या जागा दाखवल्या. “हितं मी. हितं माझं दप्तर. मागं सत्यम, त्याच्यापाशी पिशवी.”

“पिशवी कशाला गं?”

“उलटीला. आन् मामा, लहानी पोरं म्होरं बसवायची. त्यांना थंडी वाजती, आन् म्होरची गादी ऊन असती.”

गहिनीनाथ हसायला गेला आणि मधेच थांबला. उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडणाऱ्या रोहिणीनं ते पाहिलं. वाटलं, आता हा येईल आणि सांगेल. तिनं मुद्दाम तांदळाला वेळ लावला. खडे संपले तरी निवडत राहिली. तो म्हशीला पाणी दाखवायला निघून गेला.

*

तांबडं फुटायच्या आत बादलीची कडी वाजली. बारीकच आवाज, पण ज्या घरात लहानपण गेलं तिथला प्रत्येक आवाज माणूस झोपेतही ओळखतो. रोहिणीनं आरूच्या अंगावर गोधडी ओढली आणि दाराशी आली.

रूपाली शेणाची बादली घेऊन लिंबाखाली उभी होती. गहिनीनाथ व्हॅनच्या उघड्या दाराला खांदा लावून, एक हात स्टेअरिंगवर ठेवून, गाडी ढकलत होता. आवाज न करता. अंगणाच्या तोंडाशी थोडा चढ होता, तिथं चाकं अडकली. जिथून गाडी हलली होती तिथं, कालच्या हिरव्या सारवणावर, परातीएवढा काळा डाग चकाकत होता.

त्याला ढकलता येईना. रूपाली बादली ठेवून पुढं होणार, तेवढ्यात रोहिणी अंगणात उतरली, व्हॅनच्या मागं गेली आणि दोन्ही हात लावले. व्हॅन हलली. गहिनीनाथला वाटलं असेल, रूपाली आहे. चढ पार झाल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं.

मागं बहीण होती. आता थांबून उपयोगही नव्हता, व्हॅन उताराला लागली होती. तो आत बसला. ओढ्यापाशी त्यानं चावी फिरवली तशी गाडीनं दोन आचके दिले, खाकरली, बंद पडली, पुन्हा आचका दिला आणि सुरू झाली. मागून निळा धूर असा सुटला, की बाभळी दिसेनाशा झाल्या. करपल्या तेलाचा वास घशात बसला. धूर मागूनच नाही, दाराच्या फटीतून आतूनही बाहेर येत होता. गहिनीनाथ खोकत खाली उतरला.

रोहिणी चालत त्याच्यापाशी गेली.

“कवापास्नं?”

“पोळ्यापास्नं.” तो ओढ्याकडं बघत होता. “समदं इंजिन खोलायचं काम निघालंय.”

“आत येतोय धूर.”

“काचा उघड्या ठिवल्या की न्हाई येत.”

“थंडीची बारकी पोरं, दादा. काचा उघड्या ठिवून?”

“येकदा इंजिननं ताप धरला की दिवसभर चालती गं. खोटं न्हाई सांगत.” स्वतःचंच वाक्य त्याला टोचलं असावं, तो थांबला. “मी दाजीला नंतर सांगनारच हुतो. हळूहळू. दुसऱ्या गिऱ्हाइकानं सीट उचलून बघितलं असतं, मेस्तरी आनला असता. दाजी न्हाई बघनार, मला ठाव हुतं.”

म्हणजे ज्या रीतीला भागवत मान समजत होता, तिच्याच भरवशावर हा बसला होता. रोहिणीला राग यायला हवा होता. तिची नजर मात्र ओढ्याकडं गेली. पलीकडं ओढा कोरडा पडला होता. त्या पाण्यात कधी कुणी बुडालं असतं, असं आता वाटतही नव्हतं.

“दाजीला सांगनार हाइस?” त्यानं विचारलं.

“मी न्हाई. तूच सांग.”

त्यानं मान हलवली. होकाराची की नुसतीच, तिला कळलं नाही. धूर विरत गेला. व्हॅनचा आवाज हळूहळू कालच्यासारखा गुळगुळीत झाला, आणि तेच तिला सगळ्यात भीतीदायक वाटलं.

*

भागवत आला तो झेंडूचा हार घेऊन. माळवस्तीतून निघताना साखराबाईनं आपल्या दारची फुलं तोडून दिली होती. गाडी वस्तीवर आली की ओवाळायला ती ताट करून बसणार होती.

गहिनीनाथ चहाचा कप हातात फिरवत राहिला. रोहिणी चुलीपाशी बसून प्रत्येक शब्दाकडं कान लावून होती. रूपालीही भाकरी थापायची थांबली.

“दाजी, येक चुकी झाली,” गहिनीनाथ म्हणाला. रोहिणीनं फुंकणी खाली ठेवली. “कड्याचा एक जन हाय. त्याला मी आधीच शबुद दिलता. रात्री त्याचा फोन आलता. त्यालाबी शाळेच्या पोरांसाठीच पायजे. आता माझी अडचन झाली बघा.”

भागवतनं हार खाली ठेवला. “काल नारळ घिऊन उभे हुता की तुमी.”

“काल ध्यानात न्हाई आलं.”

“रातीत ध्यानात आलं?” भागवतची नजर चुलीकडं वळली. शनिवार. राहणं. ‘तुमी जावा.’ त्याच्या तोंडावर हिशोब जुळत गेलेला रोहिणीला स्पष्ट दिसला, आणि तो चुकीचा जुळला होता. “आसं हाय व्हय,” तो हळू म्हणाला. “भावाच्या गाडीत नवऱ्यानं बसू न्हाई, आसं वाटलं तुला?”

तिनं गहिनीनाथकडं पाहिलं. एक वाक्य त्याच्याकडं होतं. तो कपातल्या तळाकडं बघत होता. वाक्य तिच्याकडंही होतं. ते बोललं तर ह्या अंगणात पुन्हा पाय ठेवताना दोघंही पुरुष मान वळवून उभे राहणार. आणि व्हॅन तर आता येणारच नव्हती. आरू, सत्यम, वस्तीची सगळी पोरं तिच्या धुरातून सुटली होती. एवढं पुरे, असं तिनं स्वतःला बजावलं. कड्याचा माणूस खरा होता की आत्ताच जन्माला घातलेला, हे विचारायचं तिनं टाळलं.

“तसं न्हाई,” एवढंच ती म्हणाली.

निघताना रूपालीनं तिला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले. बोटं जरा जास्त वेळ तिच्या हातावर राहिली. लिंबाखाली ताजं सारवण होतं, उलट्या कमानींचं, आणि त्यावरून टायरच्या दोन ओल्या रेघा. आजही कुणी पुसल्या नव्हत्या.

मोटारसायकल सडकेला लागली. झेंडूचा हार भागवतनं हँडलला अडकवला होता. वाऱ्यानं त्याच्या पाकळ्या गळून मागं येत होत्या. भागवतची पाठ ताठ. रोहिणीनं तिच्यावर हात ठेवला, त्यानं झटकला नाही, पण पाठ काही सैल झाली नाही. साखराबाईला काय सांगायचं, ह्याची ती मनात जुळवाजुळव करू लागली.

दोघांच्या मधे बसलेली आरू बराच वेळ पाकळ्या पकडत होती. मग तिनं मान मागं वळवून आईकडं पाहिलं.

“आई, मामा आता गाडी दुसऱ्याला देनार ना?”

“व्हय बाळा.”

“मंग त्यात माझ्या जागी कोन बसनार?”